मुहूर्ताचा टाका

पूर्णिमाच्या घरात सकाळचा चहा आणि संयोगिताचं कौतुक एकाच वेळी उकळायला लागायचं. चहा निदान ओतून संपायचा तरी.

"काल काय झालं म्हाइत हाय?" बशीत फुंकर मारत बाळासोंनी सुरुवात केली. "मी वडा खाल्ला आन् तसाच काडी उचलाय गेलो. तर त्या पोरीनं मलाच अडिवलं. म्हणती, काका, आधी हात धुवा. आता बोला!"

"मग धुतले?" आईने विचारलं.

"धुतलं की! साबण लावून!"

आईने गाळणं जरा जोरात आपटलं. जेवणाआधी ह्या माणसाने हात धुवावेत म्हणून ती सतरा वर्षं घसा कोरडा करत होती. पूर्णिमाने पोह्यातली मिरची शोधून शोधून बाजूला काढली आणि ती संयोगिता आहे असं समजून बशीच्या काठावर चिरडली.

पूर्णिमा दहावीत. तिच्या वडिलांचं, म्हणजे बाळासो चौगुल्यांचं, उद्यमनगरात अॅल्युमिनियम वेल्डिंगचं दुकान. रेडिएटर, इंजिनाचे फुटलेले भाग, दुधाचे कॅन, सगळं तिथं जोडून मिळे. आणि संयोगिता म्हणजे जूनपासून गडमुडशिंगीहून स्कूटीवर येणारी, आयटीआय झालेली एकोणीस वर्षांची शिकाऊ मुलगी. आल्या आल्या तिने दुकानात कायदे केले. सांध्यात वितळवून भरायच्या त्या फिलरच्या काड्या, ज्या पूर्वी कोपऱ्यात केरसुणीशेजारी उभ्या असायच्या, त्या झाकणाच्या नळ्यांत गेल्या. उघड्या हाताने काडी धरायची नाही. स्वच्छ, कोरडे हातमोजे घालायचे, काडी पांढऱ्या फडक्याने पुसायची. त्रेचाळीस नंबरची आणि छप्पन नंबरची काडी दिसायला जुळ्या बहिणी, म्हणून प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधायची. आणि जगात कुणाचंही न ऐकणारे बाळासो हे सगळं ऐकत होते!

हेही पूर्णिमाने सहन केलं असतं. पण सलग दोन वर्षं मे महिन्याची सुट्टी तिने मुखवटा लावून, पप्पांच्या शेजारी बसून, भंगाराच्या पत्र्यावर वेल्डिंगचे टाके घालण्यात घालवली होती. ते टाके गोगलगाय चालून गेल्यासारखे यायचे, पण टिकायचे. पप्पांनी शब्द दिला होता, "नवं मशीन येऊ दे, पूर्णे. पहिला टाका तुझा." आता नवं मशीन आलं होतं, प्लॅस्टिकच्या कागदासकट दुकानात बसलं होतं, दसऱ्याला त्याचा मुहूर्त होता.

"मुहूर्ताचा टाका संयोगिता घालंल," बाळासो बशी खाली ठेवत म्हणाले. "हात लय स्वच्छ हाय तिचा."

"आणि माझा?"

"तुझं बोर्डाचं वर्ष हाय की," बाळासो म्हणाले आणि चपला शोधायला गेले.

बोर्डाचं वर्ष! अर्ध्या मिनिटाच्या टाक्याने बोर्डाचं काय बिघडणार होतं? पूर्णिमाने त्या दिवशी भूमितीच्या वहीत एक त्रिकोण काढला, त्याला वेणी काढली आणि खोडरबराने घासून घासून भोक पाडलं.

संधी आली ती खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं चालवायची नाहीत, पुजायची. संयोगिता आपल्या घरच्या पूजेसाठी गावी थांबली. बाळासो हार-फुलं आणायला बाहेर पडले आणि जाताना म्हणाले, "पूर्णे, दुकानात पूजा मांडून ठेव."

पूर्णिमाने ठरवलं, अशी पूजा मांडायची की संयोगिताचं नावसुद्धा कुणाला आठवू नये. तिने मशीनला हळदकुंकू लावलं, हातोड्या, पकडी, कानशी पुजल्या. मग तिची नजर त्या नळ्यांवर गेली. खरं काम तर काड्याच करतात, आणि त्या बिचाऱ्या बिनटिळ्याच्या! तिने सगळ्या काड्या बाहेर काढल्या. एकशे बारा भरल्या. कोरड्या अॅल्युमिनियमवर कुंकू टिकेना, घसरून पडे. पण तिच्या हातात आईने दिलेली कडाकणी, नवरात्रातली तळलेली गोड पुरी, होती आणि बोटांना तेल होतं. तेलाच्या बोटाने टिळा कसा झोकात बसला! मग तिने समईतलंच थोडं तेल वाटीत घेतलं आणि एकशे बारा काड्यांना हळद, एकशे बारांना कुंकू लावलं. फोटो काढला, स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "आमची खंडेनवमी. एकही हत्यार विसरलो नाही!"

दोन मिनिटांत संयोगिताचा निरोप आला. "अगं, त्या फिलरच्या काड्या हायत का???"

"जळली!" पूर्णिमा आनंदाने मशीनला म्हणाली. तीन प्रश्नचिन्हं म्हणजे चांगलीच जळली होती.

मग आवाजाचा निरोप आला. मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती. "पूर्णी, काडीला तेल लागलं की टाका धरत न्हाय बघ. आत हवा राहती आन् चाळण होती. हळदकुंकू जळून धूर नाकात जातोय तो येगळाच. आता कशाला हात लावू नको. मी उद्या आल्यावर बघते."

पूर्णिमाचा आनंद मांडवातल्या फुग्यासारखा बसला. 'मी बघते' म्हणजे काय? पप्पांसमोर बघणार. मग चहाच्या वेळी दिवाळीपर्यंत तेच उकळणार. छे! स्टेटस पुसून टाकायचं आणि संयोगिता यायच्या आत सगळं निस्तरायचं.

तिने काड्या पोत्यात गुंडाळल्या आणि सायकलला बांधून घरी आणल्या. आई पुरण वाटत होती. "काय गं ते?"

"शाळेचा प्रकल्प."

मोरीत बादली भरली, भांड्याचा साबण घातला, काड्या बुडवल्या. हळद निघेना. मग तिने देवाची तांब्याची भांडी आठवून चिंच घेतली. चिंचेनेही हटेना तेव्हा आईची तारेची घासणी घेतली, तीच जिने सकाळी तेलाची कढई घासली होती. तासाभरात काड्या चकचकीत झाल्या. पूर्णिमाने कपाळावरचा घाम पुसला आणि बादलीत पाहिलं. पाण्यावर कागदाचा लगदा तरंगत होता.

चिठ्ठ्या!

जुड्या कधीच सुटल्या होत्या. त्रेचाळीस कुठली आणि छप्पन कुठली, हे आता काड्यांनाही सांगता आलं नसतं. एक उजेडात धरली, एक वाकवून पाहिली, एक दाताखाली धरून लगेच थुंकली. शेवटी गच्चीवर वाळवताना तिने न्याय केला. जरा जास्त चमकतात त्या छप्पन, बाकीच्या त्रेचाळीस. मग हुबेहूब संयोगिताच्या अक्षरात नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. त्या मुलीच्या पाचाचं पोटसुद्धा इतकं गोल होतं की पूर्णिमाला तीन कागद फाडावे लागले आणि तेवढ्यात आणखी थोडा राग आला.

बाळासो हार-फुलं घेऊन, वाटेत चार दुकानांतली पूजा बघून, सावकाश परतले. तोवर काड्या नळ्यांत होत्या, झाकणं घट्ट होती.

दसऱ्याला मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. पूर्णिमा नवा झगमगीत ड्रेस घालून आली होती. संयोगिता मात्र साध्या सुती, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत, केस घट्ट बांधून. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि एक बाई उतरल्या. मागोमाग चाळीस लिटरचा दुधाचा कॅन उतरला.

"पावणं! कॅन जोडून मिळंल का? मी चिमणाबाई, कळंब्यास्नं आलोय. बुडाशी गळतोय मुडदा. आज बासुंदीला दूध द्यायचं हाय चार घरांत. दुपारी धार काढली की न्यायचं कशात, सांगा बघू?"

"मावशी, तुमच्याच कॅननं मुहूर्त!" बाळासो खुलले. "आत दूध न्हाय न्हवं?"

"धुवून, वाळवून, झाकान काढून आणलाय. मी काय येडी हाय व्हय?"

संयोगिताने तरीही कॅनमध्ये डोकावून पाहिलं, पंखा लावला, हातमोजे चढवले आणि कालचा फोटो आठवून आधी छप्पनची नळी उघडली. काडी पांढऱ्या फडक्यावरून ओढली. फडक्यावर पिवळसर रेघ उठली. तिने काडी नाकाशी धरली.

"काका, हिला चिंचेचा वास येतोय."

पूर्णिमा छताकडे बघू लागली.

संयोगिताने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. चिठ्ठी बराच वेळ पाहिली, विशेषतः पाचाचं पोट. मग नळी बंद केली. "ह्यातली एकबी वापरायची न्हाय. तेलकट हायत, आन् कुठली कुठल्या नंबरची काय सांगता येत न्हाय. माळ्यावर न फोडलेला पुडा हाय. धा मिनटं द्या."

"धा मिनटं?" बाळासो घड्याळाकडे बघत ओरडले. "मुहूर्त गेला की गं! आण हिकडं!"

"काका, नगा."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासनं टाकं घालतोय मी!"

चार महिन्यांत पहिल्यांदाच पप्पांनी संयोगिताचं ऐकलं नव्हतं. पूर्णिमाला आनंद व्हायला हवा होता, पण ती हळूच दाराकडे सरकली. बाळासोंनी मुखवटा ओढला, चिंचेची काडी घेतली आणि मशीन सुरू केलं.

वेल्डिंगचा एरवी जो शांत, एकसारखा आवाज येतो तो आलाच नाही. कढईत ओली मिरची पडल्यासारखं तडतडलं. काळी काजळी उठली, पिवळट धूर निघाला.

"समदी बाहीर चला! धूर वढू नका!" संयोगिता ओरडली आणि तिने चिमणाबाईंना खांद्याला धरून फुटपाथवर नेलं. पूर्णिमाही खोकत बाहेर आली. शेवटी बाळासो आले, मुखवटा वर करून, विजयी मुद्रेने. "झाला मुहूर्त!"

धूर गेल्यावर कॅन उभा केला. सांधा दिसायला जाळीदार आंबोळीसारखा होता. पूर्णिमा पुढे धावली, "मी पाणी भरून दाखवते!" आणि कॅनला हात घालणार, तोच संयोगिताने तिचं मनगट पकडलं.

"हात भाजल! लोखंडावानी लाल होत न्हाय हे. गार दिसतंय आन् कातडी सोलून नेतंय."

तिने आधी कॅनवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब चुर्रकन उडून गेला. पूर्णिमाने आपला तळहात मुकाट्याने मागे लपवला.

कॅन गार झाल्यावर पाणी भरलं. आधी तो एका जागेतून गळत होता. आता सात धारा लागल्या.

"पावणं," चिमणाबाई धारांकडे बघत म्हणाल्या, "मी कॅन आणलाता. ही झारी कुणाची?"

शेजारच्या दुकानातली माणसं हसायला लागली. बाळासोंचं तोंड तांबड्या रश्श्यासारखं झालं. "काड्यांस्नी हात कुणी लावला? सांगा! कुणी लावला?"

पूर्णिमा काही बोलणार, तेवढ्यात शेजारून शांत आवाज आला.

"माझी चूक हाय, काका. नळ्यांची झाकणं मी नीट लावून गेले न्हवते."

चिमणाबाईंनी पदर गालाला लावला. "बघा, किती गुणाची पोर! सोताहून सांगितलं."

"तर!" बाळासोंचा आवाज एकदम मऊ झाला. "चूक कबूल कराय काळीज लागतंय, मावशी. असली पोरगी शोधून सापडायची न्हाय..."

पूर्णिमाच्या कानांतून वाफा निघाल्या. मुहूर्त हिचा, हात हिचे स्वच्छ, आणि आता पूर्णिमाने स्वतः तासभर घासून, खपून, एवढ्या मेहनतीने केलेली चूकसुद्धा हिचीच?

"खोटं बोलतेय ती!" पूर्णिमा किंचाळली. "मी केलंय! तेल मी लावलं, कुंकू मी लावलं, साबण माझा, चिंच माझी, चिठ्ठ्यासुद्धा मी लिहिल्या! हिचा काहीसुद्धा संबंध नाही! एका काडीलासुद्धा हिने हात लावला नाही!"

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

एवढ्या मोठ्या अभिमानाने केलेल्या कबुलीवर ओरडायचं कसं, हे बाळासोंना सुचेना. "पर... दाताखाली वगैरे न्हाय न्हवं धरलीस?" एवढंच त्यांनी विचारलं. लेकीची सवय त्यांना ठाऊक होती.

"एकच," पूर्णिमा म्हणाली. "लगेच थुंकली."

संयोगिताने कपाळाला हात लावला. मग ती माळ्यावर चढली.

सीलबंद पुडा काढताना शिडी धरायला पूर्णिमाच होती. "तू कशाला माझी चूक अंगावर घेतलीस?" तिने खालून दातओठ खात विचारलं.

"सोड की."

"सांग!"

संयोगिता दोन पायऱ्या उतरून थांबली. "चार म्हैनं ऐकते मी. आमची पूर्णी खोटं बोलत न्हाय, आमच्या पूर्णीला गणितात एवढं मार्क, पूर्णीनं सुट्टीत घातलेला टाका बघ कसा टिकलाय. तो पत्रा काकांनी भिंतीवर टांगलाय, रोज दाखवत्यात मला. म्हटलं, एकदा आपल्यालाबी कोण तरी गुणाची म्हणू दे. तर तेबी तू घेतलंस!"

दोघींची नजरानजर झाली. मग शिडी इतकी हलायला लागली की बाळासो ओरडले, "आरं, पडशीला! हसताय काय?"

पुढचं काम नेमाने झालं. पूर्णिमाने ड्रेसवर सुती कोट चढवला, केस बांधले. त्या एकशे बारा काड्या भंगाराच्या पेटीत गेल्या. मुहूर्ताचा टाका आधी घासून काढावा लागला. बाळासोंच्या देखत, तळापर्यंत. घासण्याच्या यंत्राचा घरघराट चालू असताना ते दोनदा म्हणाले, "एवढाबी वाईट न्हवता," पण ऐकू कुणालाच गेलं नाही. मग संयोगिताने टाका घातला, शांत, एकसारखा. शेवटची दोन बोटं जागा उरली तेव्हा ती बाजूला सरकली आणि पूर्णिमाच्या हातात नवी काडी दिली. गोगलगाय जराशी वाकडी चालली, पण पोहोचली.

पाणी भरलं. एक थेंब नाही.

"वाघिणी हायसा गं दोघी!" चिमणाबाईंनी दोघींच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. पिशवीतून आपट्याची पानं काढून एकेकीच्या हातात ठेवली. बाळासोंनीही नकळत हात पुढे केला होता. चिमणाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं आणि त्यात कॅनची कडी दिली.

"पावणं, एवढा टेम्पोत ठेवा बघू. आन् गार झालाय का, आधी पोरीस्नी इचारा."

बाळासोंनी विचारलं. दोघींनी परवानगी दिली. कॅन उचलून निघताना त्यांनी मागे वळून दोघींकडे एकदा असं काही बघितलं की पूर्णिमाला ते तोंड फार ओळखीचं वाटलं. जूनपासून रोज सकाळी वेणी घालताना तिने आरशात ते पाहिलं होतं.