कॉर्डेलियाबाईंचा बिल्ला हरपला, त्या शुक्रवारची हकीकत

कॉटनवुड फ्लॅट येथील अण्वस्त्रांच्या कारखान्याचे दप्तरी त्या शुक्रवारचा मजकूर दोनच ओळींचा आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी दरवाजे बंद जाहले आणि पाच वाजून वीस मिनिटांनी उघडले. मधल्या तीन तासांत अडीच हजार माणसांवर काय प्रसंग गुदरला, कोण कैसे लढले आणि कोणाचे काय जळाले, याची दप्तरास खबर नाही. आम्ही त्या समयी आतच होतो. सबब जैसे पाहिले आणि जैसे मागाहून ऐकिले, तैसे पदरचे काही न घालिता लिहितो.

टेक्सास प्रांती, उत्तरेकडील उघड्या माळावर, हा कारखाना. जुने बाँब उघडावे, तपासावे आणि पुन्हा जैसेचे तैसे मिटावे, हा येथील उद्योग. रक्षणास खासे कप्तान व्हर्लिन स्ट्राउड, वीस वर्षांचे इमानी चाकर, ज्यांचे अमदानीत एक खिळादेखील गहाळ जाहला नाही. परंतु त्या दिवशी कप्तानांचे चित्त ठिकाणी नव्हते. पहाटेच उठोन त्यांनी घरचे अंगणात धुराच्या भट्टीत चौदा पौंडांचे ब्रिस्केट, म्हणजे बैलाचे छातीचे मांस, चढविले होते. ते साडेचारास उतरवावे आणि सहा वाजता अग्निशामक ठाण्यातील पाकस्पर्धेत मांडावे, ऐसा मनसुबा. त्या रणात मेहुणे रॉइस यांनी कप्तानांस सलग सहा साले धूळ चारली होती. आणि कप्तानांच्या पत्नी नेल्डाबाई याच कारखान्यात रंगखात्यात चाकरीस, म्हणोन घरी भट्टीपाशी कुत्र्याखेरीज कोणी नव्हते.

ऐशा समयी वॉशिंग्टनाहून डॉक्टर कॉर्डेलिया प्रिचेट यांची स्वारी सुरक्षेचे तपासणीस दाखल जाहली. बाई शिस्तीच्या कडव्या, नजर करडी, आणि चहाचे पेल्याखालचा डागही ज्यांचे नजरेतून सुटत नसे. त्यांनी आल्या पावली फर्मान काढिले की, तपासणी संपेतो वायरलेसवर संकटाखेरीज कोणी चकार शब्द बोलू नये. आणि कोणी कागद हाती देऊ नये, आपले मेजावरील खोक्यात टाकावा. आणि कोणाचा गळ्यातील ओळखीचा बिल्ला हरपल्यास सारे दरवाजे तत्काळ बंद व्हावे, तो सापडेतो किंवा तपासनीस सही करीतो माशीही बाहेर जाऊ नये. कप्तानांनी सलाम करून फर्मान मस्तकी धरिले.

दुपारचे भोजन जाहले, दोन वाजले, आणि बाई गळ्याशी हात नेऊन थबकल्या.

"कप्तान, माझा बिल्ला दिसत नाहीये."

"कोटाच्या खिशात बघा, मॅडम."

"बघितलं."

"पर्समध्ये?"

"पर्स तुम्हीच गेटवर ठेवून घेतलीत."

कप्तानांनी घड्याळाकडे पाहिले. त्या क्षणी त्यांचे डोळियांपुढे भट्टीतला मंद धूर उभा राहिला आणि रॉइसचा हसरा चेहरा उभा राहिला. घटकाभर गप्प राहून आपणच शोध घ्यावा, ऐसेही मनात आले असेल. परंतु हाताने भोंगा दाबिला. लाल दिवे लागले, दरवाजे धडाधड मिटले आणि वेढा पडला.

मग शंभर शिपाई गुडघ्यांवर उतरले. त्यांनी कचऱ्याचे डबे पालथे घातिले, भटारखान्यातील सॅलड पानापानाने उकलिले. रंगखात्यात कोणी रिकामी पिंपे ठोठावून पाहिली. बिल्ल्याचा मागमूस नाही. साडेतीन वाजता नेल्डाबाई स्वारीसमोर हजर जाहल्या.

"व्हर्लिन, साडेतीन वाजले."

"माहितीये."

"तासाभरात उतरवलं नाही तर त्याचा कोळसा होईल."

"नेल्डा, माहितीये मला."

कॉर्डेलियाबाईंनी सारा मामला पुसून घेतला. त्यांस दया आली आणि त्यांनी कागद मागविला, की आपण सही करितो, वेढा उठवावा. नेल्डाबाईंनी लेखणीही पुढे केली. तेव्हा कप्तान आडवे आले.

"सही नको, मॅडम."

"का नको? हुकूम माझाच आहे ना?"

"हुकूम तपासनिसांचा आहे. तुमच्या गळ्यात बिल्ला नाही. बिल्ला नसलेला माणूस म्हणजे अनोळखी माणूस. अनोळखी माणसाच्या सहीवर मी हे दार उघडू?"

"अरे, सकाळपासून त्यांच्या मागे मागे फिरतोयस की," नेल्डाबाई म्हणाल्या.

"मी ओळखतो गं. चौकी नाही ओळखत."

बाईंनी लेखणी खाली ठेविली. मग म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते. अनोळखी माणूस सापडला तर काय करता?"

"खुर्चीवर बसवतो. दोन्ही बाजूंना एकेक शिपाई. हात दिसतील असे."

"मग कुठे बसू?"

ऐसे वॉशिंग्टनाहून आलेल्या खाशा तपासनीस दोन शिपायांचे मध्ये, हात गुडघ्यांवर ठेवोन, दीड तास बंदिवासात राहिल्या. पाणी हवे तर पुसोन घेत. साडेचार वाजले तेव्हा कप्तान खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि कोणी त्यांस हाक मारिली नाही.

पाच वाजता दूरच्या टॉवरावरील पहारा बदलला आणि शिपाई रेनाता लुहान खाली आली.

"सगळे रांगतायत कशाला?"

"बिल्ला हरवलाय, प्रिचेट मॅडमचा."

"तो बेसिनवरचा? तो मी दीड वाजताच सापडलेल्या वस्तूंच्या पेटीत फटीतून टाकला."

शंभर शिपाई आहेत तैसेच थांबले. कप्तानांनी अति मृदू आवाजे पुसिले, "मग सांगितलं का नाहीस?"

"वायरलेसवर बोलायचं नव्हतं. कागद लिहून मॅडमच्या खोक्यात टाकला. मग टॉवरवर चढले. तिथे नुसता लाल दिवा लागला, कशासाठी ते कोण सांगणार? बोलायचं नव्हतं ना."

खोके उपडे केले, तो कागद निघाला, वेळेनिशी आणि सहीनिशी. दोन किल्ल्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि बिल्ला निघाला. बाईंनी हात पुढे केला, परंतु रेनाताने दिला नाही.

"फोटोत केस लांब आहेत."

"मार्चमध्ये कापले."

"जन्मतारीख?"

बाईंनी तारीख मोठ्याने सांगितली आणि साल हळू सांगितले. रेनाताने साल मोठ्याने म्हणोन ताडून पाहिले आणि मग बिल्ला दिधला. वेढा उठला.

कप्तान दौडत घरी गेले. ब्रिस्केट काळेठिक्कर जाहले होते आणि कुत्रा तोंड फिरवून बसला होता. तरी शिपाईगड्याने रण सोडिले नाही, जैसे होते तैसे ठाण्यात नेऊन मांडिले. रॉइस पाहून म्हणाले, "हे बाँबमधून काढलंत का, भावजी?" बाईंचे विमान चुकले होते, म्हणोन त्याही तेथे आल्या होत्या. त्यांनी एक तुकडा चघळिला.

"जळलंय."

"हो, मॅडम."

"अजून एक द्या."

रॉइस सातव्या साली विजयी जाहले. तो त्यांचा विजय. कारखान्याचा विजय पुढील आठवड्यात बाईंचे अहवालातून लेखी आला, तो येणेप्रमाणे. पहारा चोख. शिपाई लुहान यांचे वर्तन नमुनेदार. कप्तान स्ट्राउड यांनी वरिष्ठांची बेकायदा सही नाकारली, सबब शाबासकी. कसूर एकच: पाहुणी व्यक्ती बिल्ला बेसिनवर विसरली. पाहुण्या व्यक्तीचे नाव प्रिचेट, कॉर्डेलिया. शिक्षा: पाहुण्यांसाठीची दोन तासांची ध्वनिचित्रफीत पुन्हा पाहणे.

बाई ती शिक्षा भोगण्यास खास विमानाने आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि टिपणे घेत राहिल्या. पाहुण्यास एकटे बसू देऊ नये ऐसा नियम असल्याने कप्तान व्हर्लिन स्ट्राउड हेही शेजारी दोन तास बसले आणि शेवटी दोघांनीही परीक्षा दिली. बाई उत्तीर्ण जाहल्या. कप्तानांचा एक प्रश्न चुकला.