बेचाळीस इंची पुठ्ठा

गणवीर काकांच्या बैठकीच्या खोलीत दीड वर्ष बेचाळीस इंची टीव्ही भिंतीवर होता. तो पुठ्ठ्याचा होता.

फ्रिजच्या खोक्यातून कापलेला, वरून काळं बूटपॉलिश चोपडलेला, चार खिळ्यांवर ठोकलेला. ऑफिसला निघण्याआधी काका त्याच्यावरून रोज फडकं फिरवत. पाहुणा आला की त्याला समोरच्या सोफ्यावर बसवून विचारत, "मान अवघडते का? डोळ्यांवर ताण येतो का?" पाहुणा गोंधळून म्हणे, "कशानं?" काका वहीत लिहीत : ताण नाही.

हे गृहस्थ वेडे असते तर सोपं होतं. पण ते खरेदी शाखेत होते. राजधानीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाकडच्या, आपल्या राज्याच्या एका सरकारी कार्यालयात, जिथे टिपणी मराठीत लिहितात, त्यांनी अठ्ठावीस वर्षं टाचण्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं विकत घेतलं होतं. आणि तीन कोटेशनांशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा टोचून घेतली नसती. "नियमात बसवा" हा त्यांचा मंत्र. दुसरा मंत्र, "खाडाखोड ही चोरीची पहिली पायरी." कागदावर एक अक्षर चुकलं तरी ते अख्खं पान पुन्हा लिहीत. किराण्याची यादीसुद्धा.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघंही विदर्भातले, म्हणून नोएडाच्या त्या नंबरवाल्या सेक्टरांच्या जंगलात आमची गट्टी जमली. माझ्या वडिलांनी भंडाऱ्याला विड्या वळून मला इंजिनिअर केलं. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. त्यामुळे वस्तू बघायची, पटली तर घ्यायची, नाही तर पुढे चालायचं, एवढाच खरेदीचा नियम मला ठाऊक. आमच्या सोसायटीत त्या वर्षी तोही कुणी पाळत नव्हतं. मेट्रोचे नुसते खांब उभे होते, पण घरोघरी टीव्हीचे मोठाले पडदे येऊन पोचले होते. खालच्या मजल्यावरच्या चड्ढांनी पन्नास इंची प्लाझ्मा टीव्ही आणला. त्यांची खोली एवढीशी की क्रिकेट बघताना गोलंदाजाकडून फलंदाजाकडे मान वळवावी लागे. महिनाभरात चड्ढाजी गळ्याला पट्टा बांधून फिरू लागले, पण पट्ट्याच्या वरून हसत होते.

अशा वेळी काकांचा जुना एकवीस इंची डबा बंद पडला. दुरुस्त झाला असता. पण काकांनी त्याला निर्लेखित केलं, म्हणजे सरकारी भाषेत मेला असं जाहीर केलं, आणि तसा आदेश काढून फ्रिजवर चिकटवला. मग नव्या संचासाठी खरेदी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. तांत्रिक सदस्य मी, कारण मी गाड्यांचे हेडलाइट बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. "दिवा काय, पडदा काय, दोन्ही उजेडाचीच खाती," काका म्हणाले. तिसऱ्या सदस्य कमल काकू. वापरकर्ता विभाग.

"मला मत आहे का?" काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"वापरकर्त्या विभागानं फक्त गरज कळवायची असते."

"मग कळवते. मला टीव्ही पाहिजे. रश्मी लग्न होऊन बंगलोरला गेली, तुम्ही सकाळी आठला जाता ते साडेसहाला उगवता. दिवसभर मी काय त्या फ्रिजवरचा आदेश वाचत बसू?"

"रेकॉर्डवर घ्या, रामटेके," काका मला म्हणाले.

आम्ही घेतलं. दीड वर्ष रेकॉर्डवरच राहिलं.

पहिले चार महिने मापात गेले. काकांनी आधी बेचाळीस इंच रुंद पुठ्ठा कापला आणि भिंतीला लावला. मी सांगितलं, काका, टीव्हीचं माप तिरपं घेतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. काका लाल झाले. "तिरपं? कापड कुणी तिरपं मोजून विकतं का? जमीन? ही उघड उघड फसवणूक आहे!" ते दोन कंपन्यांना पत्रं लिहिणार होते. मग नाइलाजानं साडेछत्तीस बाय साडेवीसचा नवा पुठ्ठा कापला गेला, पॉलिशची नवी डबी आली आणि त्यांच्या घराला पंधरा दिवस पोलीस परेडचा वास येत राहिला.

मग बाजार. दर रविवारी काका मला मॉलमध्ये नेत. हातात फाइल, खिशात शिंप्याची टेप. एलसीडी की प्लाझ्मा या प्रश्नावर तेव्हा लोक देवधर्मासारखे भांडत. काका दोन्ही बाजूंची पत्रकं गोळा करत आणि पंच करून लावत. पहिल्याच दुकानात त्यांनी विक्रेत्याला सांगितलं, "भाव बोलिए मत. सीलबंद लिफ़ाफ़े में दीजिए."

तो टाय लावलेला पोरगेला माणूस पाचच मिनिटांपूर्वी 'सर' म्हणत होता. आता म्हणाला, "अंकल, लिफ़ाफ़े में तो शादी का शगुन देते हैं. टीवी लेना है कि फेरे?"

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या बॅगेतून लिफाफा काढला, लाखेची कांडीसुद्धा काढली. त्या दुकानाच्या इतिहासात पन्नास चकचकीत पडद्यांसमोर मेणबत्ती पेटवून लाख वितळवणारे ते पहिलेच गिऱ्हाईक असावेत. आगीचा अलार्म वाजला नाही, हे त्या मॉलचं नशीब.

तीन लिफाफे जमायला महिना लागे. ते फोडायला समितीची बैठक. मग काका तौलनिक तक्ता करत. आडव्या ओळीत सोळा मुद्दे, त्यात 'वजन' आणि 'पाठीमागचा रंग' हेही. तक्ता पुरा होऊन सही होईपर्यंत दुकानदार सांगे, "वो मॉडल तो बंद हो गया, अंकल." काकांच्या चेहऱ्यावर मला प्रत्येक वेळी एक चमक दिसायची. मी ती कंजुषीची समजत होतो. कारण दर तीन महिन्यांनी भाव उतरत होते आणि काका हात चोळत म्हणत, "बघा! घाई केली असती तर? फेरनिविदा!"

या सगळ्यात मला राग यायचा तो एका गोष्टीचा. संध्याकाळी कधी वाटी मागायला, कधी पेपर परत करायला गेलो, तर हे दोघं त्या पुठ्ठ्यासमोर सोफ्यावर बसलेले असत. काकू शेंगा सोलताहेत, काही तरी बोलताहेत, आणि काका काळ्या पुठ्ठ्याकडे बघत बसलेत. मी बायकोला म्हणायचो, "बघ, सरकारी नोकरीनं माणसाचं काय होतं. बाई जीव तोडून बोलते आणि हा मानेचा कोन मोजतो."

शेवटी हिवाळा आला. रश्मीचा फोन आला की ती डिसेंबरच्या सुट्टीत सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार. काकू दारातच मला म्हणाल्या, "नात येऊन भिंतीवर काय बघणार हो? बूटपॉलिश?" हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

त्या रविवारी पाचवी फेरनिविदा मांडली गेली, तेव्हा माझी सटकली. मी मनात ठेवणारा माणूस नाही. म्हणालो, "काका, सरळ बोलतो. तुम्हाला टीव्ही घ्यायचाच नाही. तुम्ही कंजूस आहात, आणि नियम म्हणजे तुमच्या कंजुषीचं पांघरूण आहे. काकू दिवसाचे दहा तास चार भिंतींत एकट्या असतात. तुमच्या त्या सोळा मुद्द्यांत हा मुद्दा कितवा आहे?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

मी तयारी करून गेलो होतो. त्यांच्याच कपाटातली त्यांचीच नियमपुस्तिका आदल्या दिवशी पेपरच्या घडीत लपवून नेली होती. पान उघडून पुढे सरकवलं. तातडीची खरेदी : विलंबामुळे नुकसान होत असल्यास निविदेशिवाय, तांत्रिक सदस्याच्या शिफारशीवर. "ही माझी शिफारस. आता बसतं का नियमात?"

काकांनी ते कलम दोनदा वाचलं. चष्मा काढला. "बसतं," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटलं घसा बसला.

मी त्या दिवशी घरी आलो तो लढाई जिंकल्यासारखा. बायकोला दोनदा सांगितलं.

पुढच्या शनिवारी सेक्टरच्या बाजारातल्या साध्या दुकानातून बेचाळीस इंची एलसीडी आला. मेकॅनिकनं पुठ्ठा उचकटला, तर काका पुढे झाले. "फेंकना मत, भाई." दोन्ही हातांनी तो नेऊन त्यांनी कपाटामागे उभा केला. भिंतीत भोकं पडली, संच चढला, चालू झाला. काय ते रंग! काकू पदर तोंडावर धरून बघतच राहिल्या. कुठल्या तरी मालिकेत एक सासू हिरवीगार साडी नेसून रडत होती आणि तिच्या अश्रूंत समोरचा दिवासुद्धा दिसत होता. मी गुणवत्ता तपासणीवाला. मला मान्य करावं लागलं की माल फर्स्ट क्लास आहे.

"आता तुमचा अभिप्राय," काकांनी फाइल माझ्या हातात दिली. "संच तपासला, योग्य आढळला, असं लिहा. म्हणजे प्रकरण बंद." आणि ते मेकॅनिकला भिंतीवरचा चुना पुसायला सांगायला वळले.

शेवटचं पान उघडून ठेवलेलं होतं. पण तपासणीवाल्याला मागची पानं उलटायची खोड असते. कोटेशनं, तक्ते, पत्रकं. आणि त्यांच्या मधेमधे, मोत्यासारख्या अक्षरात, टिपण्या.

"आज कमल एक तास वीस मिनिटे बोलली. विषय : तिची शाळा. मॅट्रिकला इतिहासात ती तालुक्यात पहिली होती. एकतीस वर्षांत ही बाब माझ्या निदर्शनास आली नव्हती."

"कमलला पडवळ आवडत नाही. मला आवडते म्हणून करते. पुढील आदेशापर्यंत पडवळ आणू नये."

"जुना संच चालू असताना आम्ही जेवतानाही बोलत नव्हतो. नवीन संच आल्यावर सध्याची व्यवस्था चालू राहील किंवा कसे, याबाबत साशंकता आहे. सबब, निर्णय पुढील बैठकीपर्यंत तहकूब."

खाली तहकूब. पुढे तहकूब. पाच फेरनिविदा, पाच तहकूब. एका पानावर : "कमलला पोहता येते असे कळले. बारा वर्षांची असताना वैनगंगेच्या डोहात पडली होती. बाहेर कशी आली ते सांगत असताना कुकरची शिट्टी झाली. उर्वरित उद्या."

त्या 'उद्या'च्या पानावर मी होतो.

"तांत्रिक सदस्यांचे म्हणणे ऐकले. कमल दिवसभर एकटी असते हे खरे आहे. मी फक्त संध्याकाळचा विचार केला. चूक माझी. सबब, खरेदीस मान्यता."

मी मान वर केली. मेकॅनिक निघून गेला होता. काकू पडद्यात बुडाल्या होत्या. काका सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या नेहमीच्या जागी, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ते सासूकडे बघत नव्हते. रेल्वेच्या डब्यात जागा न मिळालेल्या प्रवाशासारखे आपल्याच घरात अंग चोरून बसले होते.

बारा वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटा रिपोर्ट लिहिलेला नव्हता. सुपरवायझर ओरडला, मालक ओरडला, तरी नाही. मी पेन काढलं आणि लिहिलं : "संच तपासला. चित्र उत्तम. मात्र दीर्घकाळ सलग चालवल्यास अंतर्गत भाग तापण्याचा संभव आहे. सबब, रोज संध्याकाळी एक तास संच पूर्णपणे बंद ठेवणे आवश्यक." खाली सही केली, हुद्दा लिहिला, आणि फाइल परत दिली.

काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग मागची पानं एकदा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघत होतो. हिवाळा असल्यानं तो बंद होता.

त्यांनी खिशातून पेन काढलं. माझ्या ओळीतला 'एक तास' खोडला, वर 'दोन तास' लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी लघुस्वाक्षरी केली.

मग रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"अहो!" काकू दचकल्या. "काय झालं? आता तर कुठं..."

"तापतो तो. तांत्रिक सदस्यांचा आदेश आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून चपला शोधू लागलो. दार ओढून घेताना मागून काकांचा आवाज आला, ऑफिसातला नव्हे, दुसराच.

"हं. तर तू डोहात पडलीस. मग बाहेर कशी आलीस?"