आत्याच्या दुकानातलं धुकं

अगं थांब, बॅग ठेव खाली आणि फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही. हसायचं तर अजिबात नाही!

आधी एक मान्य कर, की माझी नजर म्हणजे नजर आहे. लहानपणापासून आत्याच्या चष्म्याच्या दुकानात वाढलेय मी. काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला रस्त्यापलीकडून दिसतो. त्यामुळे आत्या दुसरं दुकान काढतेय म्हटल्यावर मी मनात ठरवूनच टाकलं, तिथल्या खुर्चीत मी बसणार. आत्या म्हणाली, "महिनाभर एकही तक्रार येता कामा नये. मग किल्ली तुझी."

एक तक्रार! माझ्या हातून! मी नुसती गालात हसले.

आता दिवसभर काउंटरमागे उभं राहून माझ्या पोटऱ्यांचे व्हायचे दगड, आणि रात्री झोप येईना. हे मी चुकून दादासमोर बोलले. तुला दादा माहितीये ना? थोडे दिवस जिमला जाऊन आला, तेव्हापासून त्याला जगातल्या समस्त डॉक्टरांची कीव येते.

"तुझ्यात मॅग्नेशियम कमी आहे," तो म्हणाला. मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! बघायची गरजच काय? आईचे गुडघे दुखतात, मॅग्नेशियम. बाबा चिडचिड करतात, मॅग्नेशियम. शेजारचा कुत्रा भुंकतो, त्यालाही बिचाऱ्याला मॅग्नेशियमच मिळत नसणार!

मग त्याने कपाटातून मॅग्नेशियम तेलाची बाटली काढली. इतकी हळुवार, की आत बाळ झोपलंय असं वाटावं. "तळपायाला आणि पोटऱ्यांना मारायचं. झोप, स्नायू, मनःशांती, सगळं यात."

तेल म्हणे! तेलाचा टिपूस नाही त्यात. मीठ विरघळवलेलं पाणी, जरा बुळबुळीत, बस्. पण बाटलीवर ‘खारं पाणी’ लिहिलं तर एवढी किंमत देणार कोण?

तर मी लावलं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी वॅक्सिंग करून आले होते.

अगं, नाचले! पलंगावरून खाली, खालून पलंगावर! पायांवर लाल मुंग्यांचं अख्खं संमेलन भरलं होतं. दादा दारात उभा, चेहरा प्रसन्न. "चुरचुरतंय? छान! जितकी कमतरता जास्त, तितकं जास्त चुरचुरतं."

"अरे, जखमेवर मीठ टाकलं की चुरचुरतंच!"

"तसं तुला वाटतं," तो म्हणाला. दादाला मी आजवर एकाही वादात हरवलेलं नाही, कारण तो वाद घालतच नाही. तो फक्त माझी कीव करतो.

पुढे बाटलीचा फवाराच अडकला. तोंडाशी पांढरा पापुद्रा धरला होता. दादा म्हणे, ही शुद्धतेची खूण. मी म्हटलं, शुद्धता राहू दे, बाहेर कसं काढू? आमच्या दुकानात काचा पुसायच्या पाण्यासाठी निळ्या स्प्रेच्या बाटल्या असतात, ढिगाने. त्यातली एक रिकामी आणली, तेल त्यात ओतलं, आणि दुपारी दुकानातच पडद्यामागे जाऊन पोटऱ्यांवर मारायला लागले. बाटली तिथल्याच फळीवर ठेवायची, घरी जाताना उचलायची.

तू म्हणशील, फळीवर सगळ्याच बाटल्या निळ्या, ओळखायची कशी? अगं, नजर आहे ना माझी!

त्या रात्री तेल मारलं, तर काय आश्चर्य! चुरचुर नाही, चिकटपणा नाही, काही नाही. दादाने डोळे मिटून मान हलवली. "कमतरता भरून निघाली." आणि झोप लागली गं! अशी लागली, की सकाळी आईने पंखा बंद केला, खिडकी उघडली, शेवटी उशी ओढली, तेव्हा कुठे मी हलले. झालं! दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत सुटले. कंबर दुखते? मॅग्नेशियम. झोप नाही? मॅग्नेशियम. मी आणि दादा यांच्यात फरक काय तो फक्त दाढीचा उरला.

आणि इकडे दुकानात धुकं पडायला लागलं.

सगळ्यात आधी घड्याळजी आले. पलीकडच्या बोळात घड्याळं दुरुस्त करतात ना, ते. परवाच त्यांना नवा चष्मा दिला होता. म्हणाले, "पोरी, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतंय. काल स्प्रिंग समजून मिशीचा केस बसवत होतो."

"द्या इकडे," म्हटलं, "पुसून देते."

आत्याचा नियमच आहे, चष्मा घरी पाण्याखाली धरायचा नाही, काचेवरचं कोटिंग जातं, आमच्याकडे या, आम्ही फुकट साफ करून देऊ. भारी अभिमान आहे तिला याचा. मी निळी बाटली उचलली, फुस्स फुस्स केलं, फडक्याने चांगलं घासून दिलं. त्यांनी घातला.

"आता दह्यात," घड्याळजी म्हणाले.

मग त्यांना चार्टवाल्या काकांकडे पाठवलं. काका म्हणजे आत्याचे दुकानातले जुने सोबती, डोळे तपासतात. त्यांच्या मते माणसाचे डोळे फक्त एकाच गोष्टीने जातात, मोबाईल. त्यांनी घड्याळजींच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवली, पेटीतल्या काचा एकेक लावून बघितल्या, आणि म्हणाले, "नंबर वाढलाय. मोबाईल कमी करा."

"माझ्याकडे मोबाईलच नाही," घड्याळजी म्हणाले.

"मग दुसऱ्यांचा बघत असाल," काका म्हणाले.

नवा नंबर, नवा चष्मा. आणि नवा चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो लख्ख पुसायचं काम कुणाचं? माझं! काकांच्या पेटीतल्या काचा रोज सकाळी पुसायचं काम कुणाचं? माझंच! काकांचा स्वतःचा चष्मा? आत्याचा? अगं, कामसू मुलगी मी, आळस म्हणून नाही अंगात!

मग निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. आत्या शाळेत असताना त्यांच्या हाताखाली शिकलीये, अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही. बाई म्हणाल्या, "बसमध्ये एका माणसाला ओळखीचा समजून चांगलं झापलं मी. शर्टाची बटणं लाव म्हणून. तो पुतळा होता, कपड्यांच्या दुकानाच्या काचेतला. आणि मी बसमध्ये नव्हते, फुटपाथवर होते!" त्यांचा नंबर वाढला. त्यांच्यामागून आलेल्या शिंप्याचा वाढला. ज्याच्या त्याच्या नंबराने उड्या मारायला सुरुवात केली! जो येईल त्याला मी आधी प्रेमाने काचा पुसून द्यायची आणि मग काका प्रेमाने नंबर वाढवून द्यायचे.

"हवेत काहीतरी आहे," काका म्हणाले. काकांनी मोबाईल सोडून दुसऱ्या कुणाला दोष दिला, म्हणजे प्रकरण किती गंभीर बघ!

आणि ही तक्रार म्हणायची की नाही, हे मी आत्याला विचारतच नव्हते. डोळे लोकांचे बिघडलेत, चष्मे नाही. हो ना? किल्ली अजून शाबूत होती.

पण मग आत्या गप्प झाली. तुला आमची आत्या माहितीये. ती गप्प बसली की घड्याळं थांबतात. दोन दिवस ती काउंटरवर नुसती फ्रेमवरून बोटं फिरवत बसली. तिसऱ्या दिवशी काकांच्या खोलीत गेली, खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "तपासा."

"वाचा," काका म्हणाले.

आत्याने घडाघडा म्हणून टाकलं, "प, र, क, ट, ल, न, ग..." थेट तळाच्या ओळीपर्यंत! एकही चूक नाही. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात काका घसा खाकरत म्हणाले, "ताई, तक्ता मी मघाशीच पुसायला काढलाय. समोर भिंत आहे."

आत्याने चष्मा काढला आणि हळूच म्हणाली, "मोतीबिंदू असणार."

मग तिने मला मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर नव्या दुकानाची किल्ली होती. ती हाताने चाचपडून शोधली तिने, आधी तिच्या हातात स्टेपलर आला. म्हणाली, "महिना पूर्ण व्हायची वाट नाही बघत. चष्मे विकणारीलाच दिसत नसेल, तर लोक काय म्हणतील? तुझी नजर तरुण आहे. तू सांभाळ."

अगं, किल्ली! माझ्या हातात! मला रडू यावं की नाचू, तेच कळेना. मी दोन्ही थोडं थोडं केलं. आणि त्या प्रेमाच्या भरात पर्समधून माझी घरची निळी बाटली काढून तिच्या हातात ठेवली. "आत्या, झोपताना तळपायाला मार. दादा म्हणतो सगळ्यावर चालतं."

"डोळ्यांवरसुद्धा?"

"सगळ्यावर म्हणजे सगळ्यावर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीचं दुकान उघडलं. आता मालकीण ना मी, म्हटलं आज काचेचं कपाटही चकचकीत करू. काउंटरवरची निळी बाटली उचलली, दाबलं. फवारा येईना. पुन्हा दाबलं. येईना. तोंडाशी बघते तर पांढरा पापुद्रा.

शुद्धतेची खूण!

बोटाने पापुद्रा खरवडला, जिभेला लावला. कडू, खारट, थू! म्हणजे इतके दिवस मी अख्ख्या गावाच्या चष्म्यांना मॅग्नेशियम लावत होते! मग दुसरा विचार आला आणि मी मटकन स्टुलावरच बसले. मग मी माझ्या पायांना काय लावत होते? काचा पुसायचं साबणाचं पाणी! आणि झोप? ती लाकडाच्या ओंडक्यासारखी झोप?

आणि आत्या! आत्याने काल तळपायाला...

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागले. काकांच्या पेटीतल्या सगळ्या काचा नळाखाली धुतल्या, पुसल्या. कोटिंग गेलं खड्ड्यात! बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. काका आले, त्यांच्या नाकावरचा चष्मा ओढून धुतला. ते म्हणाले, "अगं, वेड लागलं का?" मी म्हटलं, "मोबाईलमुळे." तेवढ्यात आत्या आली. मी तिचा चष्मा काढून घेतला, धुतला, कोरडा केला आणि परत तिच्या नाकावर ठेवला.

ठरवलं होतं बरं मी! तिला दिसलं की सगळं सांगून टाकायचं. शप्पथ!

आत्याने डोळे मिचकावले. समोर बघितलं. मग कपाटाकडे. "वरच्या फळीवर धूळ आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे. "केस विंचरले नाहीस." मग काकांकडे. "तुमच्या शर्टाला चहाचा डाग आहे, आणि तो आजचा नाही." आणि एकदम तिचा आवाज चढला, "दिसतंय! अगं, मला दिसतंय! तेल! एका रात्रीत!"

"आत्या, ते तेल..."

"बोलू नकोस! तुझ्या दादाला मी आजवर मूर्ख समजत होते!"

"आत्या, तो मूर्खच..."

पण ऐकतंय कोण? तिने बाईंना फोन केला, शिंप्याला निरोप धाडला. दुपारपर्यंत दुकानाबाहेर चपलाबुटांचा ढीग! चष्म्याचं दुकान आणि लोक स्टुलावर बसून तळपाय वर करतायत! आत्या स्वतः फवारतेय, फुस्स, फुस्स. पाय झाले की माणूस माझ्याकडे, मी चष्मा धुऊन हातात द्यायची, की तो ओरडतोय, "दिसलं! दिसलं!" मुख्याध्यापिका बाईंनी तर गुडघेही बरे झाल्याचं जाहीर केलं. फक्त घड्याळजींचं बिनसलं. बाकीच्यांचे नव्या नंबराचे चष्मे अजून बनून यायचे होते, यांच्या नाकावर मात्र वाढलेल्या नंबराच्या काचा, आणि त्या आता स्वच्छ झाल्या ना! ते स्टुलावर बसायला गेले आणि स्टुलाच्या शेजारी बसले. आत्या म्हणाली, "यांच्यात कमतरता फार आहे. यांना दोनदा मारा."

संध्याकाळी आत्याने हात पुढे केला. "किल्ली दे."

दिली. गेलीच म्हटलं, बरं झालं, आता निदान खरं बोलून मोकळी होईन. तर आत्याने किल्ली न्याहाळली, पुसली, आणि परत माझ्या मुठीत ठेवली. "नवं दुकान तूच सांभाळायचं. पण चष्म्यांचं नाही. तेलाचं! दादाला भागीदार घेतलंय मी. त्याचा फोटो लावायचाय दर्शनी भागात."

दादाचा फोटो! मोठा! हाताची घडी घातलेला! पाटी रंगवून तयार आहे, खोके येऊन पडलेत, परवा उद्घाटन. आणि त्या खोक्यांत आहे खरं तेल, म्हणजे पहिल्याच दिवशी अख्खं गाव नाचणार आणि दादा प्रत्येकाची कीव करणार. सांगावं, तर किल्ली गेली, दुकान गेलं, आणि आत्या ते काचेचं पाणी मला पाजल्याशिवाय राहायची नाही. न सांगावं, तर रोज त्या फोटोखाली बसायचं.

या काळजीने झोप उडालीये गं माझी. किल्ली उशाखाली ठेवते आणि टक्क जागी असते. शेवटी काल उठले, खरं तेल लावून बघितलं. चुरचुर! झोप नाहीच. मग गुपचूप काचा पुसायचं पाणी लावलं.

लागली गं! आईला पुन्हा उशी ओढावी लागली!

आता हसणं झालं असेल तर सांग, माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?