करमणूक करवाले शिवलकरकाका

आमचे शेजारी शिवलकरकाका कुठल्याही समारंभाला गेले की आधी दाराशी उभे राहून माणसं मोजतात. माझ्या मुलीच्या बारशालाही मोजली. बायका पाळणा म्हणत होत्या, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गर्दी बरी आहे."

उभी नोकरी त्यांची करमणूक कर निरीक्षक म्हणून झाली. रत्नागिरीतली थिएटरं, पावस गावात तंबूत लागलेला जादूचा खेळ, सर्कस, ऑर्केस्ट्रा. जिथे तिकीट, तिथे काका. ते दिसले की मॅनेजरचा चेहरा पडायचा.

"साहेब, गरीब माणूस दोन घटका हसायला येतो. हसण्यावरसुद्धा कर?"

काका दमलेल्या आवाजात म्हणायचे, "नियम मी नाही केला हो. रडण्याला तिकीट असतं, तर सरकारनं त्यावरही लावला असता."

सगळ्या नोकरीत एकही सिनेमा त्यांनी पुरता पाहिला नाही. मध्यंतर झालं की तिकिटं तपासायला ऑफिसात, तिथून थेट घरी. काकूंना तर कधी नेलंच नाही. "मॅनेजर पैसे घेणार नाही, आणि लोक म्हणणार, करवाल्याची बायको फुकट आली."

पुढे जीएसटी आला. कर राहिला, काकांचं काम गेलं. दुसऱ्या टेबलावर बसून बसून ते रिटायर झाले. आता वेळच वेळ आहे, पण काकूंना दिसत नाही आणि जिनाही उतरवत नाही.

परवा मी काकांना आग्रहानं सिनेमाला नेलं. तिकिटावरचा कर त्यांनी चष्मा वर करून वाचला. "आमच्या वेळी जास्त होता," एवढंच म्हणाले. मध्यंतराला सवयीनं उठले. मी हाताला धरून बसवलं. मुंबईला गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या आईची गोष्ट होती. शेवटी मुलगा येतो, पण तोवर आई गेलेली असते. काका डोळे पुसत बाहेर पडले.

काकू दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मग? शेवटी काय झालं?"

काका वाकून चपला काढत राहिले. मग म्हणाले, "आला गो मुलगा. वेळेवर आला. आईला घेऊन गेला मुंबईला."

"वाटलंच मला." काकू माझ्या चाहुलीच्या दिशेनं वळल्या. "नोकरीत होते तेव्हा रोज येऊन मला गोष्ट सांगायचे. इतक्या वर्षांत यांच्या एकाही सिनेमात कोणी मेलं नाही बघ."

काका घाईघाईनं चहा टाकायला आत गेले.