नळाला कान लावलेले कुलकर्णीकाका

पुंडलिकनगरातल्या आमच्या शेजारच्या कुलकर्णीकाकांनी आपल्या नळाला चिकटपट्टीनं मायक्रोफोन बांधलाय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, आज नळाचं भाषण आहे.

आमच्याकडं पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, आणि सांगून येत नाही. काकांची नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात मशिनींची थरथर मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाणी येतानाचा पाच सेकंदांचा आवाज कापून कॉम्प्युटरात ठेवला. नळाचं रेकॉर्डिंग दिवसभर चालायचं आणि तो तुकडा त्यावरून सरकत राहायचा.

"तुझी काकू पदर घेऊन दुकानात कापडाच्या एकेका ताग्याला लावून बघते ना? तसंच!" काका टाळी मागत सांगायचे. "सरकव, जुळव, मार्क दे! लई सोपंय!"

शंभरपैकी ऐंशीच्या वर मार्क पडले की मोठी घंटा वाजायची आणि अख्खी गल्ली बादल्या घेऊन पळायची. मी एकदा अर्ध्या दाढीनिशी पळालोय. काकूंचा मात्र घंटेवर काडीचा विश्वास नव्हता. नळाशी उभ्या राहून त्या दर वेळी ओरडायच्याच, "अहो, आलं हो!"

मागच्या वर्षी काकू गेल्या. त्यानंतर घंटा वाजेचना. समोरच्या गीताबाई भडकल्या, "काका, मशीन झोपलं व्हय तुमचं? दोनदा पाणी येऊन गेलं, घरात प्यायला थेंब नाय!"

मी आणि काका कॉम्प्युटरसमोर बसलो. नळ तोच, पाइप तोच, पण मार्क साठाच्या वर जाईनात. शेवटी मी म्हटलं, "काका, मूळ तुकडाच ऐकवा बरं."

फुसफुस. गुडगुड. आणि मग, "अहो, आलं हो!"

नमुना कापताना काकूंची हाक त्यातच राहून गेली होती. त्या ओरडायच्या म्हणून मार्क पडायचे. तुकडा बदला, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

"गीताच्या घरात पाणी नाय," काकाच म्हणाले, आणि त्यांनी नुसत्या पाण्याचा नवा तुकडा बसवला. पुढच्या वेळी घंटा अशी दणदणली की गीताबाईंनी हंडा वाजवून दाखवला.

जुना तुकडा मात्र काकांनी पुसला नाही. काकू असतानाची सगळी रेकॉर्डिंगं त्यांच्याकडं आहेत, आता तो तुकडा त्यांच्यावरून सरकत असतो. परवा दुपारी कुंपणावरून ओरडले, "अरे सुधीर, पळत ये! आणखी एका ठिकाणी सापडली! चौऱ्याण्णव मार्क!"

त्यासाठी त्यांनी बारीक आवाजाची वेगळी घंटा ठेवलीय. ती वाजली की गल्लीत कुणी बादली उचलत नाही.