जावयानं पुसलेला प्रोपेलर

सासऱ्यांचं विमान जेवणाच्या टेबलावर पंख पसरून बसलं होतं आणि घरातली माणसं बशा हातात धरून उभ्या-उभ्या नाश्ता करत होती. विमान बॅटरीवर चालणारं, रिमोटनं उडणारं. तासाभरात मैदानावर ते पहिल्यांदाच आकाशात जायचं होतं.

"निदान एक बशी ठेवायला जागा द्या," सासूबाई म्हणाल्या.

"शेपटीकडे ठेव. पंखाला हात लावायचा नाही!"

निवृत्त झाल्यापासून सासऱ्यांनी एकच मान कमावला होता. हौशी विमानवाल्यांच्या मंडळात कुणाचंही विमान थरथरायला लागलं, की ते यांच्याकडे येई. कुठल्या मोटारीला किती लांबीचा प्रोपेलर शोभेल, हे ते मोटार नुसती हातात घेऊन सांगत. प्रोपेलर मोठा झाला तर मोटार तापते, लहान झाला तर उगाच किंचाळते. आणि दोन पात्यांच्या वजनात केसाएवढा फरक असला तरी अख्ख्या विमानाला कापरं भरतं. सासऱ्यांनी जमवलेल्या जोड्यांना कधी कापरं भरलं नव्हतं.

जावयाची मात्र या घरात दोन वर्षांत "हो बाबा" आणि "पुरे आई" यापुढे मजल गेली नव्हती. सासरे आंघोळीला गेले, सासूबाई नातीला भरवायला बसल्या, आणि बायको त्याच्याकडे बघून म्हणाली, "नुसता खांबासारखा उभा काय राहिलायस? काहीतरी कामाला लाग की!"

त्यानं ओलं फडकं घेतलं. घरात सात महिन्यांचं बाळ असल्यामुळे दिसेल ते पुसायची त्याला सवयच जडली होती. पंख पुसले, शेपटी पुसली, प्रोपेलर पुसला. एका पात्याच्या मागे नखाएवढी पारदर्शक चिकटपट्टी होती. कारखान्यातच राहून गेली असणार. त्यानं ती अलगद सोलली, तिची गोळी करून केरात टाकली आणि पातं पुन्हा लख्ख केलं. सासुरवाडीत आपणही कुणीतरी आहोत, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

सासरे आले. त्यांनी मोटार सुरू केली. विमान असं थरथरलं, की बशीतले चमचे नाचायला लागले.

"हे काय? काल तर कळतसुद्धा नव्हतं चालू आहे की बंद!"

स्क्रू आवळले. कापरं तसंच. मोटार काढून तशीच दुसरी बसवली. कापरं तसंच.

"प्रोपेलरच वाकडा नसेल ना?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याचा तोल मी स्वतः केलाय!" सासरे जावयाकडे वळले. "बघा जावईबापू, प्रोपेलर दांडीवर आडवा धरायचा. जड पातं आपोआप खाली जातं. मग हलक्या पात्याला चिकटपट्टी लावायची. एवढीशी! की झाला तोल."

जावयाला केरात टाकलेली ती गोळी आठवली. आता सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "जावईबापूंनी सगळं विमान पुसून ठेवलंय हं!"

"वा!" सासरे म्हणाले. जावयानं उघडलेलं तोंड मिटलं.

"मंडळ वाट बघतंय. हवेत गेलं की थांबेल," म्हणत सासरे बूट घालायला गेल्यावर तो केराच्या डब्याकडे धावला. डबा रिकामा होता. मग त्यानं खणातून चिकटपट्टी काढली, तुकडा तोडला आणि थबकला. कुठलं पातं? पाती तर दोनच, चुकायला जागा ती किती! त्यानं एक निवडलं आणि कमी पडायला नको म्हणून तुकडा जरा मोठाच लावला.

तो नेमका जड पात्याला लागला.

मैदानावर सगळं मंडळ जमलं होतं, शिंप्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत. विमान वर गेलं आणि असं काही घुमलं, की शिंप्यानं स्वतःचं विमान पोटाशी धरलं. पुढच्या क्षणी मोटारीनं स्क्रू सोडले, ती वायरींना लोंबकळू लागली आणि विमान गवतात जाऊन पडलं.

सासरे आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"बोटं दगा द्यायला लागली," ते हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टर, तुमचा प्रोपेलर माझ्याकडे आहे, तो घेऊन जा. आजपासून मला कुणी काही देऊ नका."

शरमेनं जावयाचे कान तापले. "बाबा, चूक माझी आहे. पट्टी मी काढली."

दातांच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "याला म्हणतात जावई."

"अहो, खरंच काढली! केरात टाकली! मग दुसरी लावली, तीसुद्धा चुकीच्या पात्याला!"

"सासऱ्यांसाठी किती रचून सांगतोय बिचारा," शिंप्याचा आवाज भरून आला.

"पुरे, जावईबापू," सासरे त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "मला आणखी लाजवू नका."

गुन्हा कबूल करावा आणि त्याबद्दल शाबासकी मिळावी, यासारखी लाज नाही. जावयाला वाटलं, आपणही त्या गवतात जाऊन पडावं.

तेवढ्यात मुलीला कडेवर घेऊन बायको पुढे आली. "बाबा, तो खरं बोलतोय. आमच्या घरात एका बाटलीवर लेबल शिल्लक नाही. परवा मी भांड्यांच्या साबणानं केस धुतले. अहो, हिच्या वेळी दवाखान्यात माझ्या मनगटावरची नावाची पट्टीसुद्धा यानं सोलली. का, तर म्हणे मळली होती! नर्स दिवसभर मला नाव विचारत होती."

सासऱ्यांनी प्रोपेलर काढला. पट्टी सोलली, प्रोपेलर दांडीवर धरला आणि दुसऱ्या पात्याला नखाएवढा तुकडा लावला. मोटार पुन्हा आवळून बसवली. डॉक्टरांनी विमान घट्ट धरलं.

शिंप्यानं शेपटीला हात लावून विचारलं, "सुरू केलं ना?"

"केव्हाच!" सासरे ओरडले. "माझी बोटं शाबूत आहेत! तोल बरोबर होता! अरे गाढवा!"

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयाला अरे-तुरे केलं, आणि सगळ्यांसमोर त्याला कडकडून मिठी मारली.

आता दर रविवारी सासरे हा किस्सा भेटेल त्याला सांगतात. सांगता सांगता एका पट्टीच्या तीन झाल्या आहेत. जावई मान खाली घालून बाजूला उभा असतो आणि आकडा दुरुस्त करत नाही.

गेल्या रविवारी मंडळात एक नवे गृहस्थ आले. विमान त्यांचं थरथरत होतं, पण सासऱ्यांच्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघून त्यांना ते पुढे करवेना. "म्हणजे, काकांचा हात अजून... बसलेला आहे ना?"

सासऱ्यांचा चेहरा जरासा उतरला. ते काही बोलायच्या आत जावई पुढे झाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मी यांचा जावई. एकदा मी काय केलं माहितीये..."