सुजितचं पहिलं लग्न

सुजित साळवेला त्या रविवारी दोन कामं उरकायची होती. चर्चच्या मंडळीतल्या लोकांना एकमेकांशी बोलतं करायचं आणि जमलं तर जयसिंगकाकांचा जावई व्हायचं. पहिलं काम पाळकसाहेबांनी गळ्यात मारलं होतं, दुसऱ्यासाठी तो स्वतःच जीव टाकत होता. काकांच्या मुलीला, दिव्याला, सुजितच्या आईनं रीतसर विचारून बरेच दिवस झाले होते. "रविवारी उपासनेनंतर सांगतो," एवढाच निरोप आला होता आणि तो रविवार आज उजाडला होता.

पाळकसाहेबांची अडचण वेगळी होती. चिंचवडच्या त्या मंडळीत जुनी माणसं नगरकडून कारखान्यांत आलेली, तर नवी वाकड-मारुंजीच्या फ्लॅटमधली, लॅपटॉपवाली. उपासना संपली की जुने चहाच्या टेबलाशी बसत आणि नवे पंख्याखाली. दोन्हींच्या मध्ये "सलाम" सोडून काही जात-येत नसे.

"आइसब्रेकर घे काहीतरी," पाळकसाहेब म्हणाले होते. "फक्त नाच नको."

चाकणच्या कंपनीत ट्रेनिंगला खेळलेला एक खेळ सुजितच्या डोक्यात तयारच होता. हॉलच्या मधोमध उभा राहून त्यानं नियम सांगितला. "प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या. दोन खऱ्या, एक खोटी. खोटी कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं. मीच सुरू करतो."

नेमकी तेव्हाच चहाची किटली आली आणि जुन्या बाजूचं लक्ष नियमावरून कपांवर गेलं.

"एक, मला पेटी वाजवता येते."

"आमेन!" सोजरबाई म्हणाल्या. सोजरबाई म्हणजे दिव्याची आई. अख्ख्या मंडळीत त्यांच्याइतकं खणखणीत आमेन कुणाचं नव्हतं.

"दोन, निघोज्याच्या रूमवर मी माझा स्वयंपाक स्वतः करतो."

"आमेन!" आता आणखी चार बायकांनी साथ दिली.

खोटी गोष्ट कुणालाही चटकन ओळखता यावी, म्हणून सुजितनं ती मुद्दाम अशक्य कोटीतली निवडली होती. "तीन, माझं एक लग्न झालेलं आहे."

आमेन आलं नाही. 

इथंच सुजितचं गणित चुकलं होतं. माणूस उभा राहून स्वतःबद्दल बोलू लागला की चाकणला त्याला प्रेझेंटेशन म्हणतात. मंडळीत त्याला साक्ष म्हणतात, आणि साक्षीत कुणी खोटं बोलत नाही.

"बाळा," सोजरबाई कप खाली ठेवत म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. कुठं असती ती?"

"कोण?"

"तुजी बायको."

"काकू, लग्न झालंच नाहीये. खोटं बोललो मी."

"देवाच्या घरात?" शेजारच्या शालनबाईंनी विचारलं.

इकडे आड आणि तिकडे विहीर. खरं म्हणावं तर लग्न झालेला, खोटं म्हणावं तर देवाच्या घरात खोटं बोलणारा. दोन्हींपैकी कुठलाच जावई जयसिंगकाकांना चालणार नव्हता. पंख्याखालच्या लोकांना खेळ कळला होता, पण ते हसू दाबण्यात गुंतले होते. त्यात दिव्याही होती, हे सुजितला फार लागलं.

शालनबाई कामाच्या बाई. त्यांनी तेवढ्यात मोबाइल काढून 'प्रार्थना साखळी' नावाच्या ग्रुपवर बंधू सुजित साळवे यांच्या मोडलेल्या संसारासाठी विनंती टाकलीसुद्धा. साखळी मजबूत होती. किटली दुसऱ्यांदा फिरायच्या आत सुजितचा फोन वाजला.

"कधी केलंस रं?" राहुरीहून आई विचारत होती.

"आई, खेळ होता तो."

"लग्न म्हंजी खेळ वाटला व्हय तुला? अन् मी हितं लोकांच्या पोरी मागत फिरतीय!"

आईचा आवाज स्पीकर न लावताही हॉलभर पोचला. वाकडचा एक पोरगा शालनबाईंना नियम समजावू लागला, शालनबाई त्याला दहा आज्ञा समजावू लागल्या. खुर्च्या सरकल्या, जुने-नवे एकमेकांच्या कपातला चहा सांडत वाद घालू लागले. पाळकसाहेब कोपऱ्यातून समाधानानं बघत होते. एवढं बोलणं त्यांनी या हॉलमध्ये कधी ऐकलं नव्हतं.

मग जयसिंगकाका उठले. कारखान्याच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेला तो माणूस कमी बोलायचा, म्हणून सगळे गप्प झाले.

"बसा समदे. पोरगं खेळ खेळतंय. त्याची चौकशी मी राहुरीपासून निघोज्याच्या घरमालकापत्तुर केलीय. लग्न झालं असतं तर त्याच्या आधी मला कळलं असतं." सुजितचा श्वास सुटतोय तोच काका पुढं म्हणाले, "आता माजी तीन."



"एक, सारी नोकरी केली, पर थर्ड शिफ्टला रातभर कधी डोळा लागला न्हाई."

"आमेन!" हॉल म्हणाला. आमेन मोठं होतं, तरी जरा पातळ वाटलं.

"दोन, आमच्या दिव्याला ह्यो पोरगा पसंत हाय."

"आमेन!"

"तीन, मलाबी पसंत हाय."

"आमेन!"

"वळखा आता, खोटं कोणतं." काका बसले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

सुजितनं मनात हिशोब मांडला. काकांच्या बैठकीत आदर्श कामगाराची ढाल त्यानं स्वतः पाहिली होती. म्हणजे पहिली गोष्ट खरीच. मग उरली दुसरी किंवा तिसरी, आणि त्यातली कुठलीही खोटी निघाली तरी त्याचं जमत आलेलं लग्न फिसकटणार होतं. त्यानं दिव्याकडं पाहिलं. ती बापाकडं बघत होती. शेवटी तो बुडत्याच्या घाईनं सोजरबाईंकडं वळला.

"काकू, तुम्ही तरी सांगा."

"दोनला आमेन म्हनले मी. तीनलाबी म्हनले."

"आणि एकला?"

सोजरबाईंनी नवऱ्याकडं एकवार पाहिलं. "देवाच्या घरात मी खोट्याला आमेन म्हनत न्हाई. रिटायर झाले तवा ह्यांच्या लॉकरचं सामान घरी आलं. त्यात उशी व्हती. अभ्र्यासकट."

काकांचं बिस्कीट चहात विरघळून गेलं.

"आमेन," जयसिंगकाका म्हणाले.